हातच्याची वजाबाकी आणि टॅब

शाळेत टॅबवर गणित सोडवताना मुलं नुसती अंदाजाने बटणं दाबत बसतात अशी तक्रार असते, ते मीही बघितलंय, पण अ‍ॅप नुसतं चूक-बरोबर न करता चूक कुठली आहे ते ओळखत असेल तर खूप फरक पडतो. माझ्या चौथीतल्या एका मुलीचं ५२ वजा ३८ चं उत्तर कायम २६ यायचं, म्हणजे एककात मोठ्यातून लहान काढायची, ८ मधून २, हातचा वगैरे काही नाहीच! अ‍ॅपने तिला अजून तशीच गणितं न देता मागे नेलं, दहाची एक जुडी सोडायची, १२ सुटे करायचे, मग त्यातले ८ उचलायचे. चार दिवस तेच. मग मी खऱ्या काड्या दिल्या तर तिने आपणहून जुडीचं रबर काढलं, इतका आनंद झाला मला!

माइंडस्पार्क म्हणजे मुलाच्या पातळीप्रमाणे शिकवणारं संगणकावरचं सॉफ्टवेअर, त्याच्या दिल्लीतल्या अभ्यासात (२०१९ ला छापून आला, मुलं बहुतेक सहावी ते नववीची) साडेचार महिन्यांत गणित चांगलंच सुधारलं होतं, पण तिथे ४५ मिनिटं संगणक आणि ४५ मिनिटं छोट्या गटात शिकवणारा माणूस होता, हे टॅब वाटताना कुणी सांगतच नाही. तो माणूस आधी द्या आम्हाला.