कॉर्डेलिया क्रूझ दोनदा झाली, आता सिंगापूरहून दुसऱ्या कंपनीचं जहाज घ्यावं का? सोबत सत्तरीचे आई-अण्णा आहेत

आडत_दुकान_लातूर

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. आम्ही लातूरचे, म्हणजे पाण्याशी आमचं नातं काय ते सगळ्यांना माहितंय, २०१६ ला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं होतं. पहिल्यांदा जहाजावर गेलो तेव्हा अण्णा वरच्या मजल्यावरचा पोहायचा हौद बघत पाच मिनिटं नुसते उभे राहिले, म्हणले समुद्रात बसून अजून वेगळं पाणी कशाला लागतंय ह्यांना.

तर आतापर्यंत दोनदा कॉर्डेलियानं गेलो, एकदा मुंबई-गोवा आणि एकदा लक्षद्वीप. दोन्ही वेळेस मजा आली, काहीच तक्रार नाही. रात्री लातूर एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी सीएसटी, तिथून टॅक्सी करून बॅलार्ड पिअर, आधार कार्ड दाखवलं की झालं. जैन जेवणसुद्धा मिळतं त्यामुळं आईची काळजी नव्हती, ती कांदा-लसूण खात नाही आणि एकादशी कडक.

पण आता पोरं (१४ आणि ९) म्हणायलेत की तेच तेच नको, सिंगापूरहून मोठं जहाज घ्या, त्यांच्या वर्गातल्या कुणीतरी जहाजावर बंपर कार चालवलेला व्हिडिओ दाखवलाय. बहिणीचं कुटुंब पण येतंय, मिळून ९ जण. सोयाबीनचं आटोपलं की दिवाळीनंतर जायचा विचार आहे. अण्णा ७४ चे, आईच्या गुडघ्याचं दुखणं जुनं, जिना चढताना कठड्याला धरून एकेक पायरी.

विचारायचं एवढंच की खरंच एवढा फरक पडतो का जहाजा-जहाजात? आणि म्हाताऱ्या माणसांना झेपतं का? एजंट तर सगळ्यालाच हो म्हणतो.

गोदाकाठची_सून

दादा, आम्ही अगदी हेच केलंय म्हणून सविस्तर लिहिते, लांबलं तर वाचा सावकाश. आम्ही नांदेडचे, ७ जण होतो, सासू-सासरे धरून. आधी कॉर्डेलिया, मग गेल्या वर्षी सिंगापूरहून गेंटिंग ड्रीम नावाचं जहाज, ३ रात्री, पेनांग आणि फुकेत.

आधी चांगलं सांगते. जहाज म्हणजे गावच आहे. १८ मजले. पोरांना घसरगुंड्या, दोरीवरून लटकायचं काय काय, ती दिवसभर दिसलीच नाहीत, जेवायच्या वेळेला उगवायची. जेवणाची मला सगळ्यात जास्त भीती होती पण भारतीय शाकाहारी मिळतं आणि जैनही मिळतं, फक्त बुकिंगच्या वेळी लिहून द्यायचं आणि पहिल्याच दिवशी तिथल्या माणसाला परत सांगायचं. आमच्या जाण्यात एकादशी आली होती, सासूबाईंनी फळं, दही आणि उकडलेल्या बटाट्यावर काढली आणि घरून राजगिऱ्याचे पॅकबंद लाडू होतेच. घरी केलेलं काही जहाजावर चढू देत नाहीत, पाकिटातलं चालतं. आणि हो, दिवाळीनंतर जाताय म्हणून सांगते, अनारसे चुकूनसुद्धा नेऊ नका, सिंगापूरला खसखशीला बंदी आहे, तिथं ते अमली पदार्थाच्या कायद्यात बसवतात. आम्हाला हे आमच्या शेजारणीनं ऐनवेळी सांगितलं नाहीतर डबा भरून तयार होता.

आता दुसरी बाजू. चालणं. लई चालणं. आमची खोली एका टोकाला आणि जेवणाचा हॉल दुसऱ्या टोकाला, लिफ्ट आहेत पण लिफ्टपर्यंत तर चालावंच लागतं ना, आणि कॉरिडॉर सगळे एकसारखे, तुमच्या गंजगोलाईत नवख्या माणसाचं होतं तसं, सोळा रस्ते आणि कुठून आलो तेच कळत नाही. सासरे दोनदा दुसऱ्याच्याच दाराला कार्ड लावत बसले होते. शेवटी सासूबाईंनी दाराच्या मुठीला लाल रुमाल बांधला.

आणि खरी गंमत फुकेतला. तिथं जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रातच उभं राहतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. ती बोट खालीवर होत असते आणि पाय टाकायचा क्षण आपण साधायचा. सासूबाई दारापर्यंत आल्या, बोटीकडं बघितलं आणि म्हणल्या तुम्ही जा बाई, मी इथंच बरी. आमच्या एजंटनं बुकिंगच्या वेळी ह्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. उलट पेनांगला जहाज सरळ धक्क्याला लागतं, उतरलं की शहरच, लिटल इंडिया चालत जाण्यासारखं, मारियम्मन देवीचं जुनं देऊळ आहे, सासूबाईंनी ओटी भरली, इडली खाल्ली, सगळ्या प्रवासात तो दिवस त्यांना सगळ्यात आवडला. त्यामुळं गुडघे दुखत असतील तर जहाज कोणतं ह्याच्या आधी ते कुठं कुठं थांबतंय आणि धक्क्याला लागतंय का छोट्या बोटीनं नेतंय हे विचारा. हे मी दहा वेळा सांगेन.

खर्च म्हणाल तर विमान, व्हिसा, सिंगापूरची एक रात्र सगळं धरून माणशी लाखाच्या आत बसलं पण जहाजाचं तिकीट त्यात निम्मंसुद्धा नव्हतं. आम्ही हैदराबादहून थेट विमान धरलं, नांदेडहून मुंबईपेक्षा ते सोयीचं पडतं, तुम्हालाही पडेल.

परभणीकर_निवृत्त

छान लिहिलंय ताई. मी थोडी माहितीची भर घालतो, नोकरीत असताना पासून जहाजांचा नाद आहे, घरचे हसतात.

आडतवाले साहेब, तुम्ही "दुसऱ्या कंपनीचं जहाज" म्हणता पण कॉर्डेलियाचं जे जहाज, एम्प्रेस, ती मूळची सिंगापूरहूनही जहाजं सोडणाऱ्या रॉयल कॅरिबियन कंपनीचीच आहे, १९९० ची बांधणी, तेव्हा नाव नॉर्डिक एम्प्रेस होतं. म्हणजे तुम्ही नकळत दोनदा रॉयल कॅरिबियनच्या जुन्या जहाजावर बसून आलात. तिची लांबी २११ मीटर. गेंटिंग ड्रीम ३३५ मीटर आणि एकूण आकारमानात तिप्पट, माणसं जवळपास दुप्पट. ताईंच्या सासऱ्यांना दार सापडत नव्हतं त्याचं कारण हे.

गेंटिंग ड्रीमची पण कथा आहे. २०१६ चं जहाज, ड्रीम क्रूझेस नावाखाली चालायचं, हाँगकाँगची मूळ कंपनी २०२२ ला बुडाली आणि त्याच वर्षी जूनपासून तेच जहाज रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस ह्या तेव्हाच्या नव्या नावानं सिंगापूरहून सुरू झालं. जुने व्हिडिओ बघून गोंधळू नका.

जहाज हलण्याची भीती असेल तर मलाक्काच्या सामुद्रधुनीत पाणी बहुतेक शांत असतं. तरी खोली मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथं कमीत कमी जाणवतं. मधली खोली घेतली की चालणं पण दोन्हीकडं निम्मं होतं, हा दुहेरी फायदा.

जालना_रोड_सीएनजी

बंपर कारवाल्या पोरांसाठी उत्तर, ती रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम वर्गातल्या जहाजांवर असतात. गेंटिंगवर नाही. सिंगापूरहून ह्या वर्गातली जहाजं येत-जात असतात, सिझनप्रमाणे बदलतं म्हणून बुक करताना जहाजाचं नाव नीट बघा, नुसतं कंपनीचं नाव नको. त्याच्यावर काचेची एक मोठी कुपी असते, माणसं बसवून क्रेनसारखी जहाजाच्या वर उचलते, माझा पोरगा अजून त्याचेच फोटो लावतो.

माझं रडगाणं वेगळंय. आम्ही बाल्कनी मागितली होती, एजंटनं (आपल्या इकडचाच, नाव घेत नाही) खिडकीवाली दिली आणि खिडकीसमोर काय, तर लाईफबोट. तीन दिवस केशरी रंगाचा पत्रा बघितला. कन्फर्मेशनवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे, वाचतंय कोण. तर वाचा. खोली नंबर मिळाला की जहाजाचा नकाशा नेटवर काढून ती नेमकी कुठं आहे ते स्वतः बघा.

अजून एक, वरचे चार्ज. माणशी दर रात्री ग्रॅच्युइटी (म्हणजे टीप) वेगळी, वायफाय वेगळं, काही हॉटेलं पैसे देऊन. आणि मोबाईल. जहाज निघालं की एअरप्लेन मोड टाकाच, समुद्रात जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडतं आणि तुमचं रोमिंगचं पॅक तिथं चालत नाही. आमच्या मेव्हण्यानं मॅचचा स्कोर बघितला, बिल आलं तेव्हा बहिणीनं त्याचा स्कोर काढला.

टीसीएसचं (पैसे भरतानाच कापला जाणारा कर) पण विचारून घ्या, परदेशी टूर पॅकेजवर कापतात, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. ९ जणांचं एकाच्याच नावावर केलं तर कुणाच्या पॅनवर करायचं हे आधी सीएला विचारा.

बीडचा_बाळ्या

मला तर कळेना काहून एवढा आटापिटा. पासपोर्ट काढा, व्हिसा काढा, विमानात बसा, तिकडं जाऊन परत जहाजात बसा. म्हाताऱ्या माणसाला समुद्र दाखवायचाय ना, मग मुंबईहून जातंय की. लातूरहून एका गाडीत बसलं की झालं. आमच्या आईला गोव्याच्या क्रूझमध्ये सगळ्यात काय आवडलं तर संध्याकाळी खुर्ची टाकून डेकवर बसायचं. ती खुर्ची तिकडं पण तीच आणि इकडं पण तीच.

आडत_दुकान_लातूर

सगळ्यांना धन्यवाद, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. बाळ्याभाऊ, तुमचं म्हणणं अण्णांना वाचून दाखवलं, ते म्हणले हा माणूस शहाणा आहे. पण पोरांनी लगेच तोंड पाडलं.

लाईफबोटीचं वाचून एजंटला फोन केला, म्हणलं खोली नंबर आधी पाहिजे, तर तो म्हणतो ते शेवटी कळतं सर. आता दुसरा बघायलोय. गोदाकाठच्या ताई, व्हिसाचं कसं केलं? आणि आमच्याकडं आईचा आग्रह आहे की पाणी गरम करायची कॉईल न्यायची, सकाळी कोमट पाणी लागतंच तिला.

गोदाकाठची_सून

कॉईल नेऊ नका, इस्त्री, कॉईल, केटल असलं काही जहाजावर चालत नाही, आगीची भीती म्हणून काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. आमची तशीच ठेवून घेतली होती. गरम पाणी मागितलं की मिळतं, थर्मास न्या रिकामा.

व्हिसा सिंगापूरनं मान्यता दिलेल्या एजंटकडूनच करावा लागतो, आणि मल्टिपल एन्ट्रीच आहे ना हे बघा, कारण जहाज निघालं की तुम्ही देशाबाहेर गेलात आणि परत येताना दुसऱ्यांदा आत शिरता. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक पाहिजे, आई-अण्णांचा नवीन काढायचा असेल तर आजच लागा. शिवाय पोचायच्या तीन दिवस आधीपासून अरायव्हल कार्ड ऑनलाईन भरायचं असतं, ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साईटवर भरू नका.

आणि एक विसरलेच, फुकेतला घड्याळ सिंगापूरपेक्षा एक तास मागं असतं पण जहाज आपली वेळ बदलत नाही. आमच्या ह्यांचा फोन तिथलं नेटवर्क पकडून आपोआप एक तास मागं गेला. शेवटची बोट ५ ला, ह्यांच्या फोनात ४ वाजायला दहा कमी, आरामात नारळपाणी पीत बसले होते. सासरे मनगटातलं एचएमटी बघून ओरडले म्हणून पोचलो, त्यांनी ते जहाजावरच जुळवून घेतलं होतं. पळताना माझी एक चप्पल तिथंच राहिली. पेनांगला ही भानगड नाही, तिथली आणि सिंगापूरची वेळ एकच.

परभणीकर_निवृत्त

एचएमटी 👌

आडत_दुकान_लातूर

काल रात्री घरात बैठक झाली. बंपर कार रद्द, पोरांना घसरगुंडीवर तयार केलंय. फुकेत नाही असं फक्त मलेशियाचं मिळतंय का बघायलोय, मधल्या भागातली खोली, खिडकीसमोर काय आहे ते नकाशात बघून. अण्णा अजून कुरकुरायलेत पण पासपोर्टच्या फोटोला दाढी करून आले, म्हणजे येणार.

आईचा एकच प्रश्न उरलाय, अनारसे नाही तर नाही पण भुरका (लसणाची तिखट चटणी) चालतो का? अण्णांसाठी नेतीय ती, त्यांना लसूण लागतोच, तीन दिवस नुसतं तिथलं खाऊन ते राहणार नाहीत.

गोदाकाठची_सून

घरचा नको. दुकानातली सीलबंद शेंगदाण्याची चटणी आम्ही नेली होती, कुणी अडवलं नाही. दोन पाकिटं जास्तीची ठेवा, आमच्या टेबलावरच्या गुजराती मंडळींनी पहिल्याच दिवशी एक संपवलं.