डीएम हिमॅटॉलॉजीनंतरची दहा वर्षं जीन थेरपीला द्यावीत का?

गणेशखिंड

एमबीबीएस, एमडी, मधे बॉण्ड म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, मग तीन वर्षांचं डीएम हिमॅटॉलॉजी, म्हणजे रक्तविकारांतलं उच्च शिक्षण. हातात डिग्री येते तेव्हा तिशी उलटलेली असते. रक्तविकारांत संशोधन करू पाहणाऱ्या अशा डॉक्टरने पुढची दहा वर्षं सिकल सेल (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणं) आणि थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन पुरेसं न बनणं) या आनुवंशिक आजारांच्या जीन थेरपीला, म्हणजे जनुकातच बदल करणाऱ्या उपचाराला द्यावीत, आणि तीही पुण्यात राहून, असं माझं ठाम मत आहे.

सिकल सेलमध्ये हिमोग्लोबिनचा भाग बनवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकातलं एकच अक्षर चुकतं, त्यामुळे प्रथिनात ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन बसतं. हे १९५०च्या दशकातच कळलं होतं. इलाज निघाला तो मात्र त्या अक्षराला हात न लावता. २००८ साली विजय शंकरन यांनी विद्यार्थिदशेत, स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत, दाखवलं की बीसीएल११ए हे प्रथिन गर्भातलं हिमोग्लोबिन म्हणजे एचबीएफ दाबून ठेवतं. एचबीएफ वाढलं की पेशी कमी वाकड्या होतात. २०१३ मध्ये या जनुकाला लाल पेशींच्या वंशातच चालू ठेवणारा एनहान्सर, म्हणजे डीएनएतलं बटण, सापडला. नेमका तिथे क्रिस्परने (डीएनए कापणाऱ्या कात्रीने) काप घेणारी कॅसजेव्ही ही थेरपी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मंजूर केली. चाचणीत पुरेसा काळ पाहिलेल्या ३१ सिकल रुग्णांपैकी २९ जणांना सलग १२ महिने एकही मोठा क्रायसिस, म्हणजे रक्तवाहिन्या तुंबून येणारा वेदनेचा झटका, आला नाही. पहिल्या शोधापासून औषधापर्यंत पंधरा वर्षं. एका माणसाच्या करिअरमध्ये बसणारं काम आहे हे.

किंमत २२ लाख डॉलर, ती आपल्याला कधीच परवडणार नाही. म्हणूनच नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेने सिकलवरची स्वदेशी क्रिस्पर थेरपी बिरसा १०१ जाहीर केली आणि तंत्रज्ञान सीरम इन्स्टिट्यूटकडे द्यायचा करार केला, हे महत्त्वाचं. पुण्यातल्या एनसीसीएस, आयसर, एनसीएल या संशोधन संस्था एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर, आणि उत्पादन करणारी कंपनीही याच शहरात. आणखी काय हवं? विरोधी मतं येऊ द्या. नुसतं 'छान धागा' नको.

सातपुडा

रिक्षाच्या अंतरावर प्रयोगशाळा आहेत, पेशंट नाहीत. पेशंट धडगाव-अक्कलकुव्यात, मेळघाटात, गडचिरोलीत आहेत. वाकडेवाडीहून एसटीने रात्रभर प्रवास केलात की त्यांची सुरुवात होते.

सिकलचं मूल पहिल्या पाच वर्षांत दगावतं ते बहुतेकदा न्यूमोकॉकस या जिवाणूच्या संसर्गाने, नाहीतर प्लीहेत एकाएकी रक्त साठून. त्यावरचे उपाय जुने आणि स्वस्त आहेत. जन्मतः निदान, तीन वर्षांपर्यंत पेनिसिलीन १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पुढे पाचपर्यंत २५०, न्यूमोकॉकल लस, आणि आईला प्लीहा चाचपायला शिकवणं. मग एचबीएफ वाढवणारं हायड्रॉक्सियुरिया. परदेशात सुरुवातच किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅमने होते, पण नागपुरात किलोमागे फक्त १० मिलिग्रॅमच्या ठरावीक डोसवरही मुलांचे क्रायसिस घटल्याचं दाखवलं गेलं.

अडतं कुठे, तर अगदी साध्या ठिकाणी. कॅप्सूल मिळते ५०० मिलिग्रॅमची आणि मूल असतं १२ किलोचं. कॅप्सूल पाण्यात विरघळवून मापाने द्यायची, हातमोजे घालून, कारण ते पेशीमारक औषध आहे. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) २,०००च्या किंवा प्लेटलेट ८०,०००च्या खाली गेल्या तर थांबवायचं. म्हणजे ठरावीक काळाने सीबीसी (रक्तपेशींचा रिपोर्ट) हवा, आणि तो काढणारं यंत्र तालुक्याला बंद पडलेलं असतं. त्यात तपासणीच्या मोहिमेत सोल्युबिलिटी टेस्ट (द्रावणात रक्त गढूळ होतं का बघणारी) वापरतात. सहा महिन्यांखालच्या बाळात एचबीएफ भरपूर असल्याने ती फसते, आणि वाहक कोण, रुग्ण कोण हेही सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारं एचपीएलसी लागतं.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मिशनने सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं. तपासून झालेल्यांना रोज गोळी कोण देणार, यावर एका डीएमने दहा वर्षं घालवली तर ते संशोधन नाही का?

पेशीमोजणी

सातपुडाताईंना अर्धं अनुमोदन. पण धागाकर्त्यांचा घोटाळा वेगळाच आहे. त्यांना वाटतंय, अडचण कात्रीत म्हणजे जनुक कापण्यात आहे. कात्री हा सगळ्यात सुटलेला भाग. बाकीचं बघा.

आधी हायड्रॉक्सियुरिया बंद करून निदान आठ आठवडे रक्त देत राहायचं आणि सिकल हिमोग्लोबिन ३० टक्क्यांखाली आणायचं. मग मज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरवायच्या. थॅलेसेमियात त्यासाठी जी-सीएसएफ हे पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन चालतं. सिकलमध्ये ते दिलं तर पांढऱ्या पेशी उसळून क्रायसिस येतो, प्रसंगी जीवही जातो. म्हणून फक्त प्लेरिक्साफॉर, किलोमागे ०.२४ मिलिग्रॅम, आणि दोन-तीन तासांत अफेरेसिस (रक्त यंत्रातून फिरवून हव्या त्या पेशी वेगळ्या काढणं) सुरू, कारण पेशींची लाट लगेच ओसरते. यंत्रातही सिकलचं रक्त नेहमीसारखं थर धरत नाही. थरांमधली सीमा, म्हणजे इंटरफेस, हाताने सरकवत बसावं लागतं.

आता हिशोब. किलोमागे २ कोटी सीडी३४ पेशी (या खुणेने मूळपेशी ओळखतात) गोळा करायचं लक्ष्य असतं. ४० किलोच्या मुलाला ८० कोटी. शेवटी शरीरात घालायला किलोमागे किमान ३० लाख लागतात. मधला फरक जातो कुठे? चुंबकी गाळणीत, इलेक्ट्रोपोरेशनमध्ये (विजेच्या झटक्याने कात्री पेशीत घालताना) मेलेल्यांत, निर्जंतुकता आणि एंडोटॉक्सिनच्या (जिवाणूंच्या विषाच्या) नमुन्यांत, गोठवून वितळवताना. वर किलोमागे २० लाख पेशी न कापलेल्या राखून ठेवायच्या, बॅच फसली तर जीव वाचवायला. एका फेरीत भागत नाही. कॅसजेव्हीच्या चाचणीत काहींना सहा फेऱ्या लागल्या.

मग नव्या पेशींना जागा करण्यासाठी जुनी मज्जा मारणारं बुसल्फान, चार दिवस. रक्तातली पातळी मोजून डोस बदलावा लागतो. जास्त झाला तर यकृतातल्या शिरा तुंबतात, कमी पडला तर नव्या पेशी रुजत नाहीत. झटके येऊ नयेत म्हणून लेव्हेटिरासेटाम द्यायचं. फेनिटॉइन दिलंत तर बुसल्फान लवकर उतरतं आणि हिशोब चुकतो. मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, म्हणून शुक्राणू किंवा बीजांडाची ऊती आधीच गोठवायची. न्यूट्रोफिल यायला साधारण चार आठवडे, तोवर हेपा फिल्टरच्या खोलीत.

यातलं किती काम 'जीन'चं आहे, मोजा.

दाता_१०_१०

एवढं बुसल्फान द्यायचंच असेल तर सरळ बोन मॅरो ट्रान्सप्लांट का नको? सख्ख्या भावंडाचं एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) पूर्ण जुळायची शक्यता प्रत्येकी २५ टक्के. थॅलेसेमियाचं मूल सात वर्षांच्या आत, यकृत न वाढलेलं, लोह आटोक्यात असेल तर निकाल उत्तम असतात. जुळणारं भावंड नसेल तर आई-वडिलांपैकी एकाची अर्धी जुळणी, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी किलोमागे ५० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत दहा लाखांपर्यंत मदत मिळते. म्हणजे आज करता येणारी गोष्ट आहे ही. संशोधन करायचंच तर अर्ध्या जुळणीतलं रिजेक्शन कमी करा.

गणेशखिंड

दाता, ट्रान्सप्लांटमध्ये जीव्हीएचडी आहे, म्हणजे दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करतात; स्वतःच्या पेशीत ते नाही. थॅलेसेमियाच्या मुलाला आयुष्यभराचं रक्त चढवणं सोडवून जीव्हीएचडीची त्वचा आणि आतडी द्यायची हा सौदा सगळ्यांना मानवत नाही.

पेशीमोजणी, तुम्ही सांगितलेली प्रत्येक अडचण माझ्याच बाजूची आहे. तिथेच डॉक्टर हवा. नुसत्या पीएचडीवाल्याला फेनिटॉइनची भानगड सुचणार नाही. बुसल्फानऐवजी मूळपेशींवरच्या सीडी११७ या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी वापरून जागा रिकामी करायचे प्रयत्न चालू आहेत. त्याही पुढे, पेशी बाहेर काढायच्याच नाहीत, लिपिड नॅनोकणांतून (चरबीच्या अतिसूक्ष्म कणांतून) कात्री बनवायचा निरोप, म्हणजे एमआरएनए, थेट मज्जेत पाठवायचा. हे कण बहुतेक यकृतात जाऊन अडकतात, हाच सोडवायचा प्रश्न. एमआरएनएची पहिली भारतीय लस पुण्याच्या जेनोव्हानेच केली, २०२२ मध्ये परवानगी मिळाली. हात इथे आहेत.

आणि 'भारतात जमणार नाही' म्हणणाऱ्यांनी वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज बघावं. हिमोफिलिया ए (रक्त न गोठण्याचा आजार) असलेल्या पाच जणांच्या स्वतःच्या मूळपेशींत लेंटिव्हायरसने, म्हणजे जनुक वाहून नेणाऱ्या निरुपद्रवी केलेल्या विषाणूने, रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठचं जनुक घातलं. निकाल डिसेंबर २०२४ मध्ये छापून आले, पाहणीच्या काळात पाचांपैकी कोणालाच रक्तस्राव नाही.

पेशीमोजणी

वेल्लोरला दंडवत. पण ते यश त्या वॉर्डात आधी झालेल्या ट्रान्सप्लांटच्या ढिगावर उभं आहे. माझं म्हणणं तेच, आधी ट्रान्सप्लांट वॉर्डात हात बसू द्या, मग २०१९ची जीन थेरपीची मार्गदर्शक तत्त्वं पाठ करा.

लेंटिव्हायरसचं नाव निघालंच म्हणून, पॅरिसमधल्या इम्युनोडेफिशियन्सीच्या (जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या) मुलांना जुन्या रेट्रोव्हायरसने ल्युकेमिया झाला होता, कारण जनुक भलत्याच ठिकाणी जाऊन बसलं. लेंटिव्हायरस त्याहून सुरक्षित, तरी लेंटिव्हायरसवर आधारलेल्या सिकलच्या लिफजेनिया या थेरपीवर रक्ताच्या कर्करोगाची ठळक चेतावणी आहे. म्हणून अमेरिकेत १५ वर्षं पाठपुरावा मागतात. धडगावचं कुटुंब ऊसतोडीला गेलं की १५ आठवडे सापडत नाही. हे प्रोटोकॉलमध्ये कुठे लिहिणार?

सातपुडा

बीसीएल११एकडे बोट आधी कोणी दाखवलं, हे धागाकर्ते सोयीने विसरले. सार्डिनियातल्या आणि इतर ठिकाणच्या लोकांचं एचबीएफ मोजून जीनोमशी ताडून बघितलं, तेव्हा ते नाव वर आलं. कात्री नंतर. त्याच्याही आधी, १९४८ मध्ये जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी नवजात बाळांच्या पेशी कमी वाकड्या होतात हे पाहून गर्भातल्या हिमोग्लोबिनकडे लक्ष वेधलं. तेही पेशंट बघताना.

आपल्याकडे अरब-इंडियन हॅप्लोटाइपमुळे (सिकल जनुकाबरोबर वारशाने येणाऱ्या डीएनएच्या ठरावीक संचामुळे) एचबीएफ मुळातच जास्त असतं, तरी काही मुलं वारंवार भरती होतात. असं का, हे कळलं तर तुमच्या बिरसा १०१साठी पेशंट कोण निवडायचा ते ठरेल. म्हणून दहापैकी चार वर्षं गणेशखिंडीत घालवायला माझी हरकत नाही, पण पहिली सहा सातपुड्यात.

एक खबरदारी, कारण इथेच अभ्यास नासतात. हायड्रॉक्सियुरिया एचबीएफ वाढवतं, म्हणून मूळ पातळीचा नमुना पहिल्या कॅप्सूलच्या आधी हवा, आणि रक्त चढवून तीन महिने उलटलेले हवेत. लहान मुलांत एचबीएफ अजून उतरत असतं, तेव्हा पाच वर्षांखालचे आकडे वेगळे ठेवा. डीएनएसाठी फिल्टर पेपरवर वाळवलेला रक्ताचा ठिपका पुरतो, एचपीएलसीसाठी ईडीटीए ट्यूब (रक्त साकळू न देणारी) थंड पेटीत, गोठवायची नाही. नमुना आणि पहिली कॅप्सूल एकाच भेटीत द्या. दुसऱ्या भेटीला कोणी येत नाही.