परदेशातून आणलेली प्रोपेनची शेगडी आपल्या सिलिंडरवर चालेल का?

प्रश्न (फोंडा): माझे थोरले बंधू कॅनडाहून चतुर्थीला घरी येताना बार्बेक्यूची शेगडी घेऊन आले आहेत. ती तिथे प्रोपेनवर चालते आणि तिच्या नळीच्या टोकाची जोडणी आपल्या सिलिंडरला बसत नाही. गावातील एक वेल्डर दुसरे तोंड बसवून देतो म्हणतो. आपल्या घरगुती गॅसमध्येही प्रोपेन असतो, असे ऐकले आहे. मग अडचण नेमकी कुठे आहे? शिवाय आमची पडवी तीन बाजूंनी बंद आहे. पाऊस असल्यास शेगडी तिथे पेटवावी का?

उत्तर (म्हापसा): वेल्डरकडून काहीही करून घेऊ नका. आपल्याकडे सिलिंडरमध्ये भरला जातो तो एलपीजी, म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, तर ब्युटेन शून्याच्या जवळपास. म्हणून कडाक्याच्या थंडीच्या देशांत प्रोपेनला पर्याय नसतो, पण गोव्याच्या उकाड्यात मिश्रणाचे भागते. एक घनमीटर प्रोपेन पूर्ण जळण्यास सुमारे २४ घनमीटर हवा लागते, ब्युटेनला सुमारे ३१. त्यामुळे केवळ प्रोपेनसाठी बेतलेल्या बर्नरवर आपला गॅस पिवळ्या ज्योतीने जळू शकतो आणि जाळीवर काजळी धरते.

दाबाचा फरक मात्र फारसा नाही. उत्तर अमेरिकेतील अशा शेगड्या सुमारे २७ मिलिबार दाबावर चालतात आणि आपला घरगुती रेग्युलेटर ३० च्या आसपास दाब देतो. खरा धोका दोन रेग्युलेटर एकापुढे एक जोडण्यात किंवा मुळीच रेग्युलेटर न ठेवता थेट जोडणी करण्यात आहे, कारण सिलिंडरमधील दाब शेगडीला लागणाऱ्या दाबाच्या शेकडो पटींत असतो. वितरकाच्या मेकॅनिकला शेगडी दाखवा. तो नाही म्हणाला, तर तो विषय तिथेच संपवा. पडवीत ती पेटवूच नका, कारण अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. बंद न्हाणीघरातील गॅस गीझरने माणसे बेशुद्ध पडतात, त्याचे कारणही हेच आहे.

उत्तर (कळंगुट): आमच्या शॅकमध्ये १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर असतात, त्यामुळे थोडे अनुभवाचे लिहितो. गर्दीच्या वेळी दोन-तीन मोठे बर्नर एकाच सिलिंडरवर चालू असले की त्याच्या खालच्या भागावर दव आणि कधी बर्फही धरतो. आतील द्रवाचा वायू होताना लागणारी उष्णता सिलिंडरच्या धातूतूनच ओढली जाते, म्हणून असे होते. अशा वेळी पोरे सिलिंडर उकळत्या पाण्याच्या टबात ठेवायला निघतात किंवा ‘शेवटचा गॅस निघू दे’ म्हणून तो आडवा करतात. दोन्ही घातक आहे. आडव्या सिलिंडरमधून रेग्युलेटरमध्ये वायूऐवजी द्रव शिरतो, आणि एक लिटर द्रवाचा सुमारे २५० लिटर वायू होतो. समुद्राच्या खाऱ्या हवेने सिलिंडरच्या बुडाची कडी गंजते, तीही मधूनमधून पाहावी.

उत्तर (डिचोली): वरील दोघांनी जागेविषयी कमी लिहिले आहे. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड, ब्युटेन तर दुप्पट. गळालेला गॅस पाण्यासारखा उताराने सरकत गटारात, विहिरीत किंवा खोलगट कोपऱ्यात साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन टक्के झाले की एक ठिणगीही पुरते. तेव्हा अंगणातली विहीर आणि नाली यांपासून सिलिंडर लांब ठेवा. गॅसला स्वतःचा वास नसतो. त्यात मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनमुळे तो ओळखता येतो. गळती काडी पेटवून न तपासता साबणाच्या पाण्याने तपासावी, म्हणजे जिथे बुडबुडे उठतात तिथे गळती. वास आला तर स्विच चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करावा. सिलिंडरच्या गळ्याजवळच्या पट्टीवर आतून लिहिलेले अक्षरही पाहून घ्या: ए म्हणजे वर्षाची पहिली तिमाही, डी म्हणजे शेवटची, पुढे साल, ती मुदत टळून गेलेला सिलिंडर स्वीकारू नये.

आणि झाकणाची शेगडी पेटवताना झाकण नेहमी उघडे असावे. ज्योत पेटली नाही, तर गॅस बंद करून पाच मिनिटे थांबावे. झाकणाखाली साचलेला गॅस एकदम भडकून तोंडावर येतो.

प्रश्नकर्ता: सर्वांचे आभार. वेल्डरला नको म्हणून कळवले आहे. मेकॅनिक सोमवारी येणार आहे. तोवर मासे चुलीवर भाजू.