मदत हवी आहे : वाकलेल्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन कशा कराव्यात?

आमच्या काकांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या साधारण दोनशे कृष्णधवल निगेटिव्ह सेलूच्या वाड्यात माळवदाखालच्या पत्र्याच्या पेटीत सापडल्या. १२० फिल्म, ६ बाय ६ सेंटीमीटर. विषय अगदी रोजचे : मोंढ्यातले हमाल, आठवडी बाजार, खळं, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाया. निजामाचा दरबार टिपायला छायाचित्रकार राजा दीनदयाळ होते, ह्या लोकांचे फोटो कोण काढणार होतं?

अडचण अशी की तीसेक निगेटिव्ह आंबलेल्या, व्हिनेगरसारख्या वासाच्या आहेत आणि कडेने वाकल्यात. अ‍ॅसिटेट फिल्म सडते तेव्हा हा वास येतो, उष्णतेने सडणं वाढतं, एवढं कळलंय. त्या वेगळ्या करून कागदी पाकिटांत ठेवल्यात. इथं उन्हाळ्यात पारा ४२च्या वर जातो, एसी नाही.

मोबाईलच्या पांढऱ्या स्क्रीनवर ठेवून फोटो काढून पाहिले. स्क्रीनचे ठिपके उमटतात. मध्ये दुधी अ‍ॅक्रिलिक धरल्यावर ठिपके गेले, पण वाकलेला भाग आउट ऑफ फोकस. साध्या काचेनं दाबलं तर इंद्रधनुषी वलयं येतात. परभणीतल्या स्टुडिओकडं फक्त ३५ एमएमचा, म्हणजे लहान फिल्मचा होल्डर आहे.

मूळ निगेटिव्ह कुरिअरनं पाठवायच्या नाहीत, बजेट पाच हजार. डीएसएलआर मित्राचा मिळेल, मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स नाही. पाण्यात भिजवून सरळ करा, असं एकानं सुचवलं. इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, सुटेल ह्या भीतीनं केलं नाही.

तर वाकलेली निगेटिव्ह वलयं न येता सपाट कशी धरायची? आणि वास येणाऱ्या तीस निगेटिव्ह स्कॅन होईपर्यंत घरच्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात का, ठेवल्या तर दमटपणापासून कशा जपायच्या?