प्लास्टिकच्या मुठीला अंधारात चमकणारा रंग टिकेल का?

उसातला_गडी
मंडळी, या आठवड्यात आमच्या फिडरला, म्हणजे विजेच्या लाइनीला, पंपाची थ्री फेज वीज रात्रीची आहे. ठिबकच्या पाइपची क्लिप आवळायला स्क्रू ड्रायव्हर काढायचा, जरा बाजूला ठेवायचा, की गेलाच पाचटात. मूठ पिवळी, पाचट पिवळं. सकाळी सापडतो, पण सकाळी तो कुणाला हवाय!

मुठीला रात्री चमकणारा रंग द्यावा म्हणतो. ड्रायव्हरची मूठ पारदर्शक पिवळी आहे. ठिबकच्या पाइपला भोक पाडायचा पंचही रंगवायचाय, त्याची मूठ काळी, मेणचट. रंग धरेल का? आणि आमचे अण्णा म्हणतात, त्यात रेडियम असतं, हात लावू नको.

बंपरवाला
अण्णा त्यांच्या काळापुरते बरोबर आहेत. जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवर खरंच रेडियम असायचं. अमेरिकेत न्यू जर्सीला त्या रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी जुळवायच्या. १९२०च्या दशकात त्यातल्या कितीतरी आजारी पडून गेल्या. आताच्या पावडरीत ते नसतं. स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट असेल तर घ्या, रात्रभर मंद का होईना दिसतं. झिंक सल्फाइडवाली स्वस्त डबी लवकर विझते.

काळी मेणचट मूठ बहुधा पॉलिप्रोपिलीनची. नुसता रंग मारलात तर नखाने पापुद्रा निघेल. आमच्याकडे बंपर याच जातीचे येतात. साबणाने तेलकटपणा काढायचा, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, मग प्लास्टिक प्रायमर. त्यावर पांढरा हात हवाच, नाहीतर खालचा काळा रंग सगळा उजेड गिळतो. मग चमकणाऱ्या रंगाचे दोन-तीन जाड हात, वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक लॅकर. पावडर तळाशी बसते, ढवळत राहा. सुटी पावडर आणली तर खलबत्त्यात घालू नका, दाणा फुटला की चमक गेली.

पारदर्शक पिवळी मूठ बहुतेक अ‍ॅसिटेटची असते. तिला थिनरने पुसू नका, वरचा थर विरघळून चिकट होईल.

पान्हे_पक्कड
सगळी मूठ कशाला रंगवता? तळव्याखाली घासून जाईल. मुठीच्या बुडाला उथळ खड्डे पाडा आणि दोन ट्यूबांच्या इपॉक्सीत पावडर कालवून भरा. पण स्टार्टरच्या पेटीत जाणाऱ्या इन्सुलेटेड हत्याराला यातलं काहीच नको. खड्डा पाडला तर इन्सुलेशन गेलं, रंग दिला तर पडलेला तडा दिसत नाही. टेस्टर तर विसराच, आतला दिवा झाकला जाईल.

मळ्यातली_ताई
दादा, डोक्याला बॅटरी बांधून जाता ना? त्या झोतात हा रंग म्हणजे फिकट डाग. बॅटरी बंद करून डोळे सरावले की मग दिसणार. उसात रात्री बॅटरी बंद करून चाचपडणार? पाचटात काय काय असतं ते मी सांगायला नको.

शिवाय या रंगाला आधी उजेड लागतो. दिवसभर पिशवीत पडलेलं हत्यार रात्री चमकत नाही. त्यापेक्षा ट्रॉलीच्या मागे लावतात ती चकाकणारी पट्टी गुंडाळा. ती बॅटरीचा उजेड तुमच्याच डोळ्यांकडे परत फेकते, लांबूनही दिसते. गोल मुठीवर कडा सुटतात, तेवढं बघा.

उसातला_गडी
ताईंचं पटलं. मागच्या पावसाळ्यात बांधावर घोणस निघाली होती, बॅटरी बंद करायचं नावच नको. ड्रायव्हरला पट्टी.

पंच मात्र रंगवणार. तो पंपघरात बल्बखाली खिळ्याला टांगलेला असतो, आणि लाइट गेली की नेमका तिथेच चाचपडतो मी. अण्णांना न्यू जर्सीचं वाचून दाखवलं, तर आता पावडरीच्या पुडीवरचं नाव स्वतः वाचल्याशिवाय ती घरात येऊ देणार नाहीत म्हणे.

बंपरवाले, एका मुठीसाठी प्रायमरचा अख्खा डबा घ्यावा लागतो का?

बंपरवाला
नाही हो. स्प्रेचा लहान डबा मिळतो. नाहीतर जवळच्या पेंटिंगवाल्याकडे पंच घेऊन जा, बंपरला मारताना त्यालाही एक हात मारून देईल. घासून मात्र तुम्हीच न्या.