मदत हवी आहे: रोधांच्या जाळ्यातून घातांक २ ऐवजी १.६ का येतोय?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी इपॉक्सीत कार्बन ब्लॅक मिसळून वड्या पाडल्या आहेत. काजळी वाढवत गेलं की बराच वेळ काहीच होत नाही, मग एका प्रमाणाला वाहकता एकदम कित्येक पट उसळते. हे पर्कोलेशन (सुटे वाहक कण जोडले जाऊन आरपार वाट तयार होणं) नीट कळावं म्हणून पायथनमध्ये घनाकृती जालक उभं केलंय: ४० × ४० × ४० गाठी, शेजारच्या दोन गाठींत एक रोध, त्यातला वाहक कुठला आणि रोधक कुठला हे यदृच्छेने. वरच्या थराला १ व्होल्ट, खालचा शून्य, प्रत्येक गाठीला किरचॉफचा नियम.

उंबरठा, म्हणजे वाहक रोधांच्या ज्या प्रमाणाला आरपार प्रवाह सुरू होतो ते, छान जुळला, ०.२५ च्या आसपास (मान्य आकडा ०.२४८८). घोडं अडलंय ते घातांकापाशी, म्हणजे उंबरठ्याच्या वर वाहकता त्यापासूनच्या अंतराच्या कितव्या घाताने वाढते तिथे. त्रिमितीत तो २ च्या जवळ हवा, माझा १.६ वरून हलत नाही. गंमत म्हणजे अशाच रोधजाळ्यांवर काम केलेल्या कर्कपॅट्रिक यांनीही १९७३ मध्ये १.६ च आकडा दिला होता, त्यामुळे निव्वळ कोडची चूक असेल असं वाटत नाही.

पहिला संशय आकारावर. सहसंबंध लांबी (जोडलेल्या पुंजक्यांचा साधारण आकार) उंबरठ्यापासूनच्या अंतराच्या उणे ०.८८ घाताने वाढते. अंतर ०.०१ असताना ती साधारण ५७ घरं, म्हणजे माझ्या पेटीहून मोठी! ते बिंदू गाळले तर उरतात लांबचे, आणि तिथे आलेख ब्रुगमनच्या परिणामी माध्यमासारखा (मिश्रणाला सरासरी एकसंध पदार्थ मानणारं सूत्र) जवळजवळ सरळ रेषेत जातो. मग उतार कमी भरणारच ना?

दुसरा संशय माझ्याच एका सोयीवर. मॅट्रिक्स अडकू नये म्हणून रोधक बंधांना (दोन गाठींमधल्या जोडांना) शून्याऐवजी वाहकाच्या दशलक्षांश वाहकता दिलीय. पण उंबरठ्यापाशी ही गळती रोधक-वाहक वाहकतांच्या गुणोत्तराच्या साधारण ०.७ घाताने दिसते, म्हणजे दहा हजारांशाच्या आसपास. ०.०१ चा वर्गही तेवढाच. खरा प्रवाह कुठला आणि गळती कुठली, वेगळं कसं काढायचं?

म्हणून विचार असा: खरंच शून्य द्यायचं, सुटे पुंजके होशेन-कोपेलमन पद्धतीने (जोडलेल्या गाठींना एकच क्रमांक देत पुंजके ओळखण्याची रीत) आधीच काढून टाकायचे, आणि नेमकं ०.२४८८ वर थांबून फक्त आकार बदलायचा, १०, २०, ४०, ८०. वाहकता आकाराच्या उणे २.३ च्या आसपासच्या घाताने उतरली तर घातांक २ आलाच (२.३ × ०.८८ म्हणजे साधारण २).

यात एक गोष्ट सुटत नाहीये. ज्या नमुन्यांत वरून खालपर्यंत वाटच नाही, त्यांचं शून्य सरासरीत धरायचं की वगळायचं? ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी कृपया सांगा. ८० चा आकार माझ्या लॅपटॉपवर रात्रभर चालतो, चुकीच्या सरासरीवर त्या रात्री घालवायच्या नाहीत.