मदत हवी आहे: चोक ओढला की बाईक पळते, पण प्लग काळा
दापोलीत आहे. 100 सीसीची जुनी कार्ब्युरेटरवाली बाईक. अर्ध्या थ्रॉटलला, विशेषतः चढावर, अडखळते. चोक (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो) किंचित ओढला की लगेच उचल घेते. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम खाली यायला वेळ लागतो. लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) म्हणावं, तर प्लगवर कोरडी काळी काजळी, म्हणजे उलट पेट्रोल जास्त!

प्लग नवा टाकला, फिल्टर साफ केला, कार्ब्युरेटरचे दोन्ही जेट (पेट्रोलची बारीक छिद्रं) फुंकले. बाऊलच्या (कार्ब्युरेटरखालची पेट्रोलची वाटी) तळाशी पाण्याचे थेंब होते (आमचा पाऊस!), तेही काढले. कुठून हवा शिरते का बघायला मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर ते इंजिन नळी) जोडावर स्प्रे मारून पाहिला, इंजिनचा आवाज बदलला नाही. मेकॅनिक थेट नवा कार्ब्युरेटर टाकू म्हणतो. तेवढं बजेट नाही.

प्लग तपासला तो बाजारातून रमतगमत आल्यावर, आयडलवर बंद करून. मग त्या काजळीवर कितपत विसंबावं? कार्ब्युरेटरच्या नीडलला (मधल्या थ्रॉटलला पेट्रोल ठरवणारी सुई) खाचा आहेत. क्लिप एक खाच खाली घेऊ (म्हणजे सुई वर, पेट्रोल जास्त), की आधी फ्लोटची (बाऊलमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) उंची बघू?